घाऊक माल पाठवण्याची मुदत कशी ठरवावी

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद किंवा बेदाणा घाऊक पाठवणाऱ्या विक्रेत्याने मालाची मुदत अंदाजाने न सांगता गेल्या दोन-तीन महिन्यांच्या बिलबुकातून काढावी. सोमवारी पक्की झालेली ऑर्डर गुरुवारच्या बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) चढली असेल, तर ते तीन दिवस धरावेत आणि अशा सर्व नोंदी एकाखाली एक मांडाव्यात. मात्र त्यांची सरासरी काढून तीच मुदत सांगू नये, कारण सरासरीपेक्षा उशिरा निघणाऱ्या ऑर्डरीही पुष्कळ असतात. दहांपैकी नऊ ऑर्डरी जितक्या दिवसांत निघाल्या, तितके दिवस सांगणे सुरक्षित ठरते. गोदामात पोत्यांत तयार असलेली हळद आणि पॉलिश करून, प्रतवारी लावून भरायची हळद यांना एकच मुदत लावणे तर सरळसरळ चूक आहे. वाटेतल्या प्रवासाचे दिवस वेगळे सांगावेत, नाहीतर ट्रकचा उशीरही आपल्याच खात्यावर पडतो. यार्डाच्या सुट्ट्या वगळाव्यात. हंगामात आवक वाढून हमाल आणि गाड्या कमी पडू लागल्या की मुदत वाढवावी आणि आवक ओसरताच ती आठवणीने कमी करावी. हे दुसरे काम सहसा राहूनच जाते.