अ‍ॅब्स्ट्रॅक्ट करायचंय? आधी एखादं घर मोजा

फाइन आर्टला नवीन आलेल्यांसाठी लिहितोय. पहिली दोन वर्षं मी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे मनाला येईल ते असंच धरून चाललो होतो, रोलर फिरवायचा, नाइफने रंग ओढायचा, आणि सरांनी विचारलं 'हा चौकोन इथेच का?' की गप्प.

उत्तर सापडलं ते सावंतवाडीला, आजीच्या घरी. मे महिन्यातली दुपार, ओटीवर बसून सहज आत बघितलं तर ओटीचं दार, त्यातून माजघराचं दार, त्यातून मागच्या दाराचा उजेड, अशा एकात एक तीन चौकटी, आणि मधला माजघराचा काळोख काळा नव्हताच, सारवलेल्या जमिनीवरून उजेड उलटून तो हिरवट तपकिरी झाला होता. टेप आणून तिन्ही दारं मोजली.

मुंबईला आल्यावर लायब्ररीत जोसेफ आल्बर्स नीट बघितला. बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइनच्या शाळेत शिकवलेला चित्रकार, १९३५ पासून मेक्सिकोला परत परत जायचा, आणि १९४७ मध्ये तिथल्या कच्च्या विटांच्या घरांवरून त्याने 'व्हेरिएंट/अडोबी' ही मालिका सुरू केली, भिंत आणि दोन खिडक्या एवढंच. १९५० पासून १९७६ला वारेपर्यंत तो एकात एक चौकोन रंगवत राहिला, रंग बहुतेक सरळ ट्यूबमधून, नाइफने. रंग तोच, पण शेजारी बदलला की वेगळा दिसतो, माजघरातल्या काळोखाचंही हेच होतं ना!

एक मात्र सांगतो, वारलीतले त्रिकोण उचलून कॅनव्हासवर टाकणं म्हणजे देशी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाही. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप देतात, त्या खरखरीत अंगावर तांदळाच्या पिठाची रेघ कशी बसते ते जाऊन बघा.

गाव नसेल तरी अडत नाही. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा बिल्डिंग (१९८३) रस्त्यावरून बघा, जुन्या बंगल्याचा व्हरांडा त्यांनी टॉवरच्या कोपऱ्यात वर चढवलाय, तो कोपरा कोरल्यामुळे सावलीचा आकार दिवसभर बदलतो. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ तीनदा जाऊन स्केच केलं. आधी फक्त ग्रेच्या पाच छटा, रंग नंतर. आणि पोर्टफोलिओत ही मोजमापाची पानं पेंटिंगशेजारीच लावा, मला मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्यावरच आले.

सध्या गिरगावातल्या चाळीची गॅलरी मोजतोय, कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर प्रत्येक मजल्यावर वेगळं निघतंय.