सूया घरी भाजताय? मग या चुका टाळा

सूया ही उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांची. कानो, सोकोतो, कादुना या भागातून ती निघाली आणि आता लागोसपासून अबुजापर्यंत संध्याकाळ झाली की नाक्यानाक्यावर तिचा धूर दिसतो. मांसाचे पातळ काप, शेंगदाण्याच्या चोथ्याचा झणझणीत कोरडा मसाला, खाली निखारे, आणि देताना सोबत कच्चा कांदा, टोमॅटो, कधी कोबी. घानात हाच प्रकार चिचिंगा म्हणून मिळतो. मूळ सूया बहुतेक वेळा गोमांसाची किंवा बोकडाची असते, पण तिकडच्या ठेल्यांवर चिकन, गिझार्ड, कलेजीही याच मसाल्यात भाजतात. त्यामुळे घरी चिकनची सूया करण्यात काही गैर नाही.

चिकन टिक्का चांगला जमणाऱ्या माणसाचीही सूया पहिल्यांदा हमखास बिघडते. मसाला काळा ठिक्कर आणि आत चिकन कच्चं, किंवा मसाला गळून खाली पडलेला आणि काडीवर नुसतं उकडल्यासारखं मांस. यातल्या जवळजवळ सगळ्या तक्रारींच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात: शेंगदाण्यातलं तेल आणि चिकनचं पाणी. या दोघांना आवर घातला की बाकीचं सोपं आहे.

दाण्याचं कूट थेट वापरणं

ही सर्वांत मोठी चूक आणि मराठी घरात ती होणारच, कारण आपल्याकडे कूट डब्यात तयार असतं. पण सूयाच्या मसाल्यात, म्हणजे याजीमध्ये, साधं कूट नसतं. त्यात कुली-कुली असते. शेंगदाणे भाजून वाटायचे, तेल पिळून काढायचं, उरलेल्या चोथ्याच्या कांड्या किंवा कडी वळून त्याच तेलात कडक तळायच्या, ही कुली-कुली. नुसती खायलाही ती विकली जाते. ती कुटून मसाल्यात घालतात. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. ते न काढता कूट चिकनला लावलं की त्याचा लगदा होतो. आचेवर हे तेल सुटून निखाऱ्यावर ठिबकतं, ज्वाळा उठतात आणि मसाला दोन मिनिटांत करपतो.

घरी तेल काढायला घाणा लागत नाही. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर सालं सुटेपर्यंत भाजा. पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरमध्ये टाकले की ते लगेच तेल सोडून लोणी होतात. सालं पाखडून टाका. मग मिक्सर एक-दोन सेकंद चालू, बंद, पुन्हा चालू असं करत रवाळ कूट करा. हे कूट टिश्यू कागदाच्या दोन घड्यांमध्ये पातळ पसरून वरून लाटण्याने जोर देऊन दाबा. कागद तेलकट झाला की बदला. तीन-चार वेळा कागद बदलल्यावर कूट हाताला कोरडं लागायला लागतं, मुठीत दाबलं तरी गोळा धरत नाही. तिथे थांबायचं. मग ते मंद तव्यावर पाच-सात मिनिटं परतून गार करा आणि मसाल्याबरोबर पुन्हा एकदा फिरवा. सुंठ आणि तिखट या शेवटच्या वाटणातच घालावं. ते उरलंसुरलं तेल शोषून घेतात आणि पूड मोकळी राहते.

जास्त खटपट करायची तयारी असेल तर तिकडच्या पद्धतीने जा. दाणे अगदी गोळा होईपर्यंत वाटा, त्यात चमचा-दोन चमचे कोमट पाणी घालून जोर लावून मळा आणि पातळ सुती फडक्यात घालून पिळा. तेल खरंच सुटतं. उरलेल्या चोथ्याच्या बारीक कांड्या वळून त्याच तेलात मंद आचेवर लालसर, आतपर्यंत कडक तळा आणि गार झाल्यावर कुटा. चव याचीच सर्वांत खरी येते, आणि उरलेलं तेल शेवटी काड्यांवर लावायला उपयोगी पडतं.

बाजारात मिळणारी शेंगदाण्याची पेंड मात्र आणू नका. ती जनावरांच्या खाद्यासाठी असते आणि तशीच साठवलेली असते. शेंगदाण्याला दमटपणात बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजण्यानं पूर्ण जात नाही. घरचे दाणेही भाजण्याआधी निवडून घ्या. काळपट, आकसलेला, चवीला कडू दाणा बाजूला काढा. आणि पाहुणे येणार असतील तर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे आधीच विचारा. या मसाल्यातून शेंगदाणा वगळता येत नाही.

दही, लिंबू, आलं-लसूण पेस्ट

टिक्क्याची सवय इथे आड येते. चिकन दिसलं की हात दह्याकडे जातो. सूयात दही नाही, ओलं वाटण नाही, हळद नाही, गरम मसालाही नाही. आलं आहे, पण सुंठेच्या रूपात आणि भरपूर. लसूण आणि कांदा आहेत, पण पूड करून. ओल्या वाटणाचं पाणी शेंगदाण्याच्या पुडीला चिकट करतं, मग काडीवर चिकन भाजलं न जाता वाफतं आणि मसाला सालासारखा सुटून येतो. शिवाय ओल्या आल्यात मांस मऊ करणारं विकर असतं. पातळ कापांना ते रात्रभर लावून ठेवलं तर चिकन पिठूळ होतं.

काही जण कच्ची पपईही लावतात. मांडीच्या चिकनला तिची काहीच गरज नाही.

खडा मसाला मिळाला नाही म्हणून सोडून देणं

याजीत आणखी दोन वस्तू असतात ज्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत. एक म्हणजे ‘उदा’ नावाच्या धुरकट वासाच्या काळ्या शेंगा. दुसरी मिऱ्यासारखे तिखट पण वेलचीच्या कुळातले बारीक दाणे, ज्यांचा व्यापार एके काळी इतका मोठा होता की पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या एका भागाला युरोपीय व्यापारी त्यांच्याच नावाने ओळखत. या दोन्ही गाळल्या की मसाला नुसता तिखट लागतो. त्याऐवजी मसाला वेलदोड्याचे दाणे आणि काळी मिरी घ्या. मसाला वेलदोड्याला मुळातच धुराचा वास असतो, त्यामुळे उदाची जागा तो बऱ्यापैकी भरून काढतो. हिरवी वेलची टाळा, तिच्यामुळे मसाला गोडसर होतो.

तिखटाबद्दल माझं मत ठाम आहे: एकाच मिरचीवर थांबू नये. नुसती ब्याडगी घातली तर रंग येतो पण सूया मिळमिळीत होते. नुसती लवंगी घातली तर दोन घासांनंतर दाण्याची चवच कळत नाही. दोन भाग ब्याडगी आणि एक भाग लवंगी किंवा गुंटूर, एवढं प्रमाण मला योग्य वाटतं. सूया तिखट असतेच आणि असायलाच हवी. ती सौम्य करायची तर मिरची थोडी कमी करा, पण साखर घालून तिखटपणा मारू नका.

अर्धा किलो बोनलेस चिकनला साधारण असा हिशेब धरा: तेल काढलेली दाण्याची पूड सहा मोठे चमचे, तिखट दीड मोठा चमचा, सुंठ दोन छोटे चमचे, लसूण पूड आणि कांदा पूड एकेक छोटा चमचा, मिरी अर्धा छोटा चमचा, दोन मसाला वेलदोड्यांचे दाणे. तिकडे यात स्टॉक क्यूब, म्हणजे रश्शाला चव आणणारी खारट वडीही कुस्करून घालतात. पश्चिम आफ्रिकेच्या स्वयंपाकात मॅगी क्यूबला मानाची जागा आहे. क्यूब घातला तर मीठ निम्म्याने कमी करा. क्यूबमध्ये मीठ भरपूर असतं आणि सूया खारट होण्याचं हे नेहमीचं कारण आहे. क्यूब नसेल तर दीड छोटा चमचा मीठ पुरतं.

हा मसाला तयार झाला की लगेच त्यातला एक तृतीयांश वेगळ्या वाटीत काढून झाकून ठेवा. तो वाढताना वरून भुरभुरायचा असतो. कच्च्या चिकनला लावलेल्या ताटलीत उरलेला मसाला शिजलेल्या काड्यांवर टाकायचा नाही. घाईत ही चूक सहज होते आणि पोट बिघडायला तेवढं पुरतं.

मोठे तुकडे

चौकोनी तुकडे म्हणजे टिक्का. सूयाचे काप पातळ आणि पसरट हवेत, सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे. कारण साधं आहे: शेंगदाणा लवकर करपतो, मग चिकनही तेवढ्याच वेळात शिजायला हवं. मोठा तुकडा शिजेपर्यंत बाहेरचा दाणा जळून कडू होतो. चिकन अर्धा तास फ्रीझरमध्ये कडक करून घेतलं की पातळ काप नीट निघतात. धाग्यांना आडवं कापा. काडी कापातून दोन-तीन ठिकाणी आतबाहेर ओवून घ्या, म्हणजे तो काडीवर सपाट बसतो आणि उलटताना गरगर फिरत नाही. छातीचं चिकन चालतं, पण मांडीचं घ्या. आच थोडी जास्त लागली तरी ते कोरडं पडत नाही.

मसाला लावण्याआधी काप कागदाने टिपून घ्या, अगदी कोरडे होईपर्यंत. मग शेंगदाण्याच्या तेलाचं एक बोट फिरवायचं, अर्ध्या किलोला दोन छोटे चमचे बास, आणि त्यावर मसाला हाताने दाबून बसवायचा. नुसता चोळला तर तो धरत नाही. फ्रिजमध्ये तास-दोन तास ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर मीठ पाणी सोडायला लावतं आणि आपण टिपून काढलेलं सगळं पुन्हा ओलं होतं. असं झालंच तर भाजण्याआधी वरून थोडी कोरडी दाण्याची पूड दाबा.

ज्वाळेवर भाजणं

जुन्या पद्धतीत काड्या निखाऱ्यांच्या ढिगाभोवती गोल, आगीकडे कलत्या रोवतात. आच बाजूने लागते, चरबी आगीत पडत नाही, ज्वाळा उठत नाहीत. आता बहुतेक ठेल्यांवर कापलेल्या पिंपावर जाळी असते, पण भाजणारा काड्या सतत पुढेमागे सरकवत असतो. घरच्या शेगडीवर हेच करायचं: कोळसे पांढुरक्या राखेने झाकले जाईपर्यंत थांबा, ते एका बाजूला ओढा आणि काड्या दुसऱ्या बाजूला ठेवा. शिजत आल्या की शेवटची दोन मिनिटं निखाऱ्यावर घ्या. लाकडी काड्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवा.

ओटीजीत करायचं तर २२० अंश सेल्सिअसला आधी गरम करा, जाळीवर ठेवा, खाली ट्रे. ट्रेमध्येच ठेवल्या तर काड्या स्वतःच्या पाण्यात शिजतात. पातळ कापांना दहा ते बारा मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटा आणि शेवटी फक्त वरचा रॉड लावून दोन मिनिटं. ग्रिल पॅनवर गर्दी करू नका, आच मध्यम ठेवा. निम्म्या वेळानंतर ब्रशने थोडं तेल लावा. सुरुवातीलाच तेल लावलं तर ते मसाला घेऊन खाली जातं.

आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की चिकन शिजलं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड काप मधे कापून बघा, गुलाबी दिसता कामा नये. रंगावरून बाहेरून ठरवू नका, मिरचीमुळे कच्चं चिकनही लाल-तपकिरी दिसतं.

तिकडे सूया विकणारे काड्या आधी बऱ्याच भाजून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा आचेवर घेऊन, मसाला टाकून, सुरीने तुकडे करून देतात. घरी पार्टीसाठी हे बघून लोक चिकन अर्धं भाजून बाजूला ठेवतात. ते करू नका. अर्धवट शिजलेलं चिकन कोमट अवस्थेत पडून राहणं धोक्याचं आहे. आधी करायचंच असेल तर पूर्ण शिजवा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि वाढताना तेलाचा हात लावून कडकडीत गरम करा.

तरीही बिघडलं तर

चव कडू आली तर दाणे जास्त भाजले गेले असतील किंवा मसाला आचेवर करपला असेल. कोरडी पूड जिभेवर ठेवून बघा, कुठे चुकलं ते कळेल. करपलेला थर सुरीने खरवडून वर ताजा मसाला टाकला तर सूया बरीचशी वाचते. चिकन कोरडं झालं असेल तर गरम असतानाच कापून थोड्या गरम शेंगदाणा तेलात घोळवा, वर मसाला, आणि टोमॅटो जरा सढळ हाताने द्या. मसाला पिठासारखा कच्चा लागतोय? पूड तव्यावर परतायची राहिली.

कांदा जाडसर चकत्यांचा आणि कच्चाच हवा, तो परतू नका. पुदिन्याची चटणी नको, ती शेंगदाणा झाकून टाकते. नायजेरियात सूया वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, घरी बटर पेपर घ्या, म्हणजे शाई अन्नाला लागत नाही. गुंडाळून दोन-तीन मिनिटं ठेवलं की कांद्याला मसाल्याचं तेल लागतं.

उरलेला, कच्च्या चिकनला न लागलेला याजी काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. महिनाभर तरी तो चांगला राहतो. तेल पूर्ण निघालेलं नसतं, त्यामुळे बाहेर ठेवला तर आपल्या हवेत लवकर खवट होतो. उकडलेल्या अंड्यावर, भाजलेल्या कणसावर आणि तळलेल्या केळ्यांवरही तो छान लागतो.