परिषदेचे दैनिक काढणाऱ्यांनी आधी जागा मोजावी

छत्रपती संभाजीनगरात भरलेल्या एका वैद्यकीय परिषदेच्या तीन दिवसांच्या दैनिकाचे संपादन माझ्याकडे आले, तेव्हा मला वार्तांकन आणि मुद्रितशोधन येत होते, जागेचा हिशेब मात्र येत नव्हता. दुसऱ्या दिवसाचा अंक अजून कपाटात आहे आणि तो बाहेर काढण्याचे धाडस मला आजही होत नाही.

आमचे पान पाच स्तंभांचे आणि ३५ सेंटीमीटर उंचीचे होते, म्हणजे चार पानांवर एकूण ७०० कॉलम सेंटीमीटर (एका स्तंभाची एक सेंटीमीटर उंची म्हणजे एक कॉलम सेंटीमीटर) जागा. पहिल्या दिवशी २८० जाहिरातींना गेले आणि अंक देखणा निघाला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सात वाजता कोषाध्यक्षांनी प्रायोजकांना दिलेले तोंडी शब्द एकेक करून पुढे आले आणि आकडा ४६० वर पोहोचला. उरलेल्या २४० मधून शीर्षपट्टीचे ३० आणि वेळापत्रक व सभागृहबदलाच्या सूचनांचे ९० वजा केले, तेव्हा बातम्यांसाठी १२० राहिले. पाने वाढवावीत, तर घडीचा अंक चारच्या पटीत वाढतो, आणि चिकलठाण्याचा छापखाना त्या घटकेला नव्या प्लेटचे नावही ऐकून घेत नव्हता.

जाहिराती वाढल्या, यात माझी चूक नव्हती. डमीवर, म्हणजे पानांच्या कच्च्या आराखड्यावर, मी आधी बातम्या आखल्या आणि जाहिरातींना ‘उरेल ती’ जागा ठेवली, ही माझी चूक होती. जाहिरातीची जागा पैसे घेऊन विकलेली असते, म्हणून ती हलत नाही. बातमीची जागा कुणी विकत घेतलेली नसते, म्हणून दर वेळी तीच आक्रसते. त्यामुळे डमीवर पहिली रेघ जाहिरातींची ओढा, आणि त्या रेघेचा आकडा परिषदेपूर्वीच आयोजकांकडून सहीनिशी घ्या. तोंडी शब्दावर अंक काढू नका, मग शब्द देणारा कितीही ज्येष्ठ असो.

त्या रात्री कापली गेलेली बातमी बीडच्या एका तरुण स्त्रीरोगतज्ज्ञांच्या निबंधाची होती आणि विषय होता ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले होते. त्या बातमीच्या वाट्याला चार ओळी आल्या आणि तिच्याखाली पाचही स्तंभ व्यापून कॅल्शियमच्या गोळ्यांची जाहिरात बसली.

अशा वेळी अक्षर नऊवरून साडेसात पॉइंटवर आणण्याचा सल्ला देणारे भेटतात. माझ्या मते तो आळशी माणसाचा उपाय आहे, कारण तसा मजकूर छापला जातो, पण वाचला जात नाही. त्याहून वाईट म्हणजे जाहिरातीलाच बातमीचा वेश चढवणे. जाहिरात बातमीपासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेचे मानदंड सांगतात. प्रायोजक रागावला तरी चौकटीच्या माथ्यावर ‘जाहिरात’ हा शब्द ठसठशीत टाका.

एवढे वाचून जाहिरातींचा तिटकारा मात्र करू नका. छपाईचे बिल त्याच भागवतात, आणि ‘जाहिरात आहे म्हणून कागद आहे’ हे माझ्या पहिल्या संपादकांचे म्हणणे मला निम्मे तरी पटते. नकार देण्याची भीतीही मनातून काढा. तिसऱ्या दिवशी मी २८० ची मर्यादा लेखी मागितली आणि दहा मिनिटांच्या कुरकुरीनंतर ती मिळाली.

त्या अंकात बीडच्या निबंधाला पहिल्या पानावर ४० कॉलम सेंटीमीटर मिळाले. डॉक्टरबाई मात्र आदल्या संध्याकाळच्या एसटीने गावी परतल्या होत्या. अंक त्यांना टपालाने पाठवावा लागला.