लॅपटॉपवर जुने पिक्चर बघताना चित्र खराब दिसतंय? आधी या चुका टाळा

जुना पिक्चर लावला आणि धूसर दिसला की बरेच जण लगेच शार्पनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन सगळं वाढवून टाकतात आणि चित्र होतं त्याहून वाईट करून ठेवतात. प्लीज असं करू नका, आधी नक्की काय बिघडलंय ते शोधा, कारण बऱ्याच वेळा पिक्चर ठीक असतो, सेटिंग चुकलेलं असतं.

सुरवात फाईलपासून करा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधे कंट्रोल आणि जे दाबलं की रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात किती ठिपके (पिक्सेल) आहेत ते दिसतं. ३५२ बाय २८८ दिसलं तर ती बहुतेक व्हीसीडीची, म्हणजे जुन्या व्हिडिओ सीडीची कॉपी आहे, त्यात साधारण १ लाख पिक्सेल असतात आणि फुल एचडी स्क्रीनवर २० लाखांच्या वर, म्हणजे बाकीचे सगळे प्लेअरला अंदाजाने भरायला लागतात. अशी फाईल फुल स्क्रीन करूच नका, खिडकी लहान ठेवून बघा, खूप फरक पडतो. आणि कन्व्हर्टर टाकून तिची १०८०पी, म्हणजे फुल एचडी फाईल बनवायच्या नादी तर अजिबात लागू नका, साधं कन्व्हर्ट करून डिटेल वाढत नाहीत, उलट परत कॉम्प्रेस होऊन आहेत तेही जातात. त्यापेक्षा त्याच पिक्चरची रिस्टोअर केलेली प्रिंट कुठे मिळते का ते बघा, बाकी कुठल्याही सेटिंगने एवढा फरक पडणार नाही.

माणूस चालला किंवा कॅमेरा फिरला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात ना, त्याला प्रिंट खराब आहे असं समजून लोक सोडून देतात!! ते इंटरलेसिंग आहे. जुन्या टीव्हीसाठी एक फ्रेम दोन भागात पाठवायचे, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या, आणि लॅपटॉप ते दोन्ही एकदम दाखवतो म्हणून रेघा दिसतात. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमधे डीइंटरलेस ऑन करा, मोड याडिफ ठेवा, बास. ब्लेंड मोड नको, त्यात रेघा जातात पण चित्र पुसट होतं. आणि रेघा नसतील तर हे बंदच ठेवा.

चित्र ताणू नका. १९५३ मधे सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं, त्याच्या आधीचे बहुतेक पिक्चर जवळजवळ चौकोनी असायचे, ते रुंद स्क्रीनवर ताणले की माणसं तिसऱ्या हिश्श्याने जाड दिसतात, आणि झूम करून भरले तर वरखालचा जवळपास चौथा भाग कापला जातो, म्हणजे कॅमेरामनने मेहनतीने लावलेली फ्रेमच गेली. बाजूला काळे पट्टे राहूदेत, थोड्या वेळाने ते जाणवतही नाहीत. व्हीएलसीत ए दाबत रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, डीफॉल्टवर आणा.

लॅपटॉपची स्वतःची सेटिंग पण बघा. नाईट लाईट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) चालू असेल तर ब्लॅक अँड व्हाईट पिक्चर पिवळट दिसतो. बॅटरीवर असताना सीन बदलला की उजेड आपोआप कमीजास्त होत असेल तर ते डिस्प्लेचं पॉवर सेव्हिंग आहे, ते ग्राफिक्स सेटिंगमधून बंद करा किंवा चार्जर लावा. पिक्चरमधला काळा रंग राखाडी दिसतोय आणि बाजूचे पट्टे मात्र गडद काळे? मग ग्राफिक्स ड्रायव्हरच्या व्हिडिओ कलर सेटिंगमधे डायनॅमिक रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) १६ ते २३५ वर असेल, ती ० ते २५५ करा. कॉन्ट्रास्ट वाढवून हे नीट होत नाही, सावलीतले डिटेल मरतात.

शेवटचं म्हणजे ग्रेन. फिल्मवरचे ते बारीक हलणारे कण म्हणजे खराबी नाही, चित्र त्याच कणांनी बनलंय. नॉईज रिडक्शन जोरात लावलं की चेहरे मेणाचे दिसायला लागतात, कापडाचं विणकाम, केस सगळं गायब. कॉम्प्रेशनचे चौकोनी ठोकळे दिसत असतील तर थोडं डीब्लॉकिंग, म्हणजे ठोकळ्यांच्या कडा मऊ करणारं फिल्टर लावा, ग्रेनला मात्र हात लावू नका.