मीटर ८.२ दाखवतो, तरी बॅटरीवर विश्वास ठेवू नका

कॅमेरा दुरुस्ती नुकतीच शिकायला घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. मल्टिमीटर धरता येतो आणि बॅटरीची प्लस-मायनस टोकं ओळखता येतात, एवढं गृहीत धरलंय.

‘डेड आहे’ म्हणून हातात आलेला कॅमेरा बरेचदा डेड नसतो. नवशिक्याला हे पटत नाही, कारण समोर कॅमेरा आला की स्क्रू काढायला हात शिवशिवतात. जरा थांबा. आधी बॅटरी.

आणि इथेच तो सापळा आहे, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. दोन सेलची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज असली की साधारण ८.४ व्होल्ट देते. तुम्ही मीटर लावता, ८.२ दिसतात. बॅटरी ठणठणीत, म्हणजे बोर्ड (कॅमेऱ्याच्या आतलं मुख्य सर्किट) गेला, असा निष्कर्ष निघतो आणि पुढचे कित्येक दिवस बोर्डावर वाया जातात. मीटर खोटं बोलत नाही, पण तो बॅटरीकडून जवळपास काहीच करंट घेत नाही. बसलेल्या माणसाची नाडी बघून तो जिना चढेल का, हे कसं कळणार?

बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच करंटला होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा चालू करताना लेन्सची मोटर, सेन्सर, स्क्रीन सगळं एकदम जागं होतं आणि क्षणभर मोठा करंट ओढला जातो. आता हिशेब करा. रोध ०.१५ ओहम असेल आणि करंट २ अँपिअर, तर ०.३ व्होल्ट पडले, ८.२ चे ७.९ झाले, कॅमेऱ्याला फरक पडत नाही. तोच रोध १ ओहम झाला असेल तर २ व्होल्ट पडतात, ८.२ चे ६.२ होतात आणि कॅमेरा ‘बॅटरी संपली’ समजून बंद होतो. बंद झाला की ओढ संपली, व्होल्टेज परत वर. तुम्ही पुन्हा मोजता, पुन्हा ८.१. आणि तुम्ही पुन्हा बोर्डाकडे वळता! लेन्स अर्धी बाहेर येऊन कॅमेरा बंद पडतो, फ्लॅश चार्ज होताना स्क्रीन काळी होते, थंडीत लगेच मान टाकतो पण खिशात ऊब मिळाली की चालतो, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं.

म्हणून बॅटरी नेहमी लोडवर, म्हणजे तिच्यातून करंट ओढला जात असताना, मोजायची. १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर टोकांना काही सेकंद लावा आणि तेव्हाचा आकडा बघा. साधारण ०.८ अँपिअर वाहतो. चांगली बॅटरी थोडीशी खाली येऊन स्थिरावते. थकलेली भराभर घसरत राहते. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, चिमट्यात धरा. रेझिस्टर नसेल तर नक्की चांगली असलेली दुसरी बॅटरी घालून बघा, पण ‘नक्की चांगली’ म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यात चालवून पाहिलेली. ‘नवीन आहे’ हा पुरावा नाही.

मीटर शून्यच दाखवत असेल तर आतल्या संरक्षण सर्किटने बॅटरी तोडलेली असू शकते. मूळ चार्जरवर थोडा वेळ ठेवून बघा. वायरीने ‘झटका देऊन’ बॅटरी उठवण्याचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरा. खोलवर उतरलेल्या सेलमध्ये आतून शॉर्ट होऊ शकतो, आणि असा सेल चार्ज होताना पेटू शकतो. फुगलेली बॅटरीही दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

बॅटरी खरंच चांगली निघाली, तर दार. बॅटरीच्या दाराच्या कडेला प्लास्टिकचा छोटासा दात असतो. दार बंद झालं की तो आतलं बटण दाबतो. दात तुटला की कॅमेऱ्याच्या मते दार कायम उघडंच. दार उघडं ठेवून बारीक लाकडी काडीने ते बटण दाबा आणि स्विच चालू करा. कॅमेरा उठला तर दार बदलायचं, काम संपलं. असे सोपे कॅमेरे भरपूर येतात, घाबरू नका.

बॅटरी जिथे टेकते ते धातूचे काँटॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. मेमरी कार्ड काढून, लेन्स काढून चालू करून बघा. तारीख दरवेळी पुसली जात असेल तर घड्याळाचा वेगळा छोटा सेल संपलाय, मुख्य बॅटरीला दोष देऊ नका.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. ‘बोर्ड बदल, मोकळा हो’ म्हणणाऱ्याकडे पार्ट बदलायला शिकाल, दुरुस्ती नाही. आधी मोजायला लावणारा, आकडा वहीत लिहायला लावणारा खडूस माणूस शोधा. तो चिडेल. चिडू द्या.

एका बाबतीत मात्र कोणाचंच ऐकून धाडस करू नका. फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवून ठेवणारा भाग, ३०० व्होल्टच्या आसपास असतो आणि बॅटरी काढल्यावरही भरलेला राहतो. कव्हर उघडलं की पहिलं काम तो रेझिस्टरमधून रिकामा करणं आणि मीटरने खात्री करणं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे ‘अनुभवी’ लोक भेटतील. त्यांच्या टेबलापासून लांब बसा.

राहिली ‘बंद ठेवला तरी बॅटरी उतरते’ ही तक्रार. बॅटरीच्या मालिकेत, म्हणजे करंट मीटरमधूनच कॅमेऱ्यात जाईल असा, मीटर जोडून बंद कॅमेऱ्याचा करंट मोजा. मग मेनूत जाऊन ब्लूटूथ आणि वायफाय बंद करा आणि पुन्हा मोजा, कारण काही मॉडेल स्विच बंद असतानाही फोनशी जोडलेली राहतात. आकडा घसरला तर दुरुस्तीचं काही नाही. ग्राहकाला तो पर्याय मेनूत कुठे आहे ते त्याच्याच बोटाने दाबायला लावून दाखवा, नाहीतर तोच कॅमेरा तीच तक्रार घेऊन परत येतो.