अभंग मास्टरिंगला टाकण्याआधी

घरी रेकॉर्ड केलेला अभंग ऑनलाइन मास्टरिंगला, म्हणजे तयार गाण्याच्या आवाजावर शेवटचा हात फिरवणाऱ्या यंत्राकडे, टाकायचा असेल, तर पंखा बंद ठेवून घेतलेला टेक हाताशी आहे ना, ते आधी बघा. माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करून काढलेली फाइल, ऐकताना पंख्याची घरघर जाणवतही नव्हती. मास्टर होऊन आलेल्या फाइलमध्ये मात्र कडवं संपून पेटी एकटी उरली की मागे ती घरघर स्वच्छ ऐकू यायची. मोठा आवाज दाबून एकूण पातळी वर उचलली, की हळू जे काही असेल ते वर येतं. ती तंबोऱ्याची आस आहे की शेजारच्या कुकरची शिट्टी, हे यंत्र बघत नाही. म्हणून हेडफोनवर आवाज नेहमीपेक्षा चढा ठेवून गाणं नसलेल्या जागा ऐका: सुरुवात, दोन कडव्यांमधली फट, शेवटची पेटी विरते तिथे. गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घेऊन बघा. बऱ्याचदा ती तिथूनच येत असते.

मग टाळ. अभंगात सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवतो. मिक्समध्ये टाळ अगदी नेमका बसलेला असतो, आणि यंत्राने वरच्या पट्ट्याला, म्हणजे उंच कंपनांच्या आवाजाला, जरा उठाव दिला की तोच शब्दांवर चढून बसतो. तुम्ही पाठवता ती एकच स्टीरिओ फाइल; तिच्यातला टाळ तेवढा मागाहून कमी करता येत नाही. वरचा पट्टा उतरवायला गेलात तर तबल्याची चाट मवाळ होते आणि गाणाऱ्याचे ‘स’, ‘च’ बोथट होतात. तेव्हा टाळ दोन डेसिबल खाली घेतलेला दुसरा मिक्स आधीच काढून ठेवा आणि दोन्ही मास्टर करून बघा. माझ्याकडे बहुतेक वेळा दुसराच चांगला ठरला आहे.

मास्टर ट्रॅकवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) काढा, नॉर्मलाइझची (पातळी आपोआप उचलण्याची) खूण काढा. सर्वांत उंच शिखर उणे ६ ते उणे ३ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. फाइल २४ बिट वेव्ह (WAV), ज्या सॅम्पल रेटला रेकॉर्ड केलं त्याच रेटची; एमपी३ नको. साथीदाराने आपला ट्रॅक व्हॉट्सअॅपवर पाठवला असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

लँडर ही मॉन्ट्रियलची सेवा २०१४ पासून आहे, बँडलॅबवर मास्टरिंग फुकट होतं. जिथे तीव्रतेचे पर्याय मिळतात, तिथे अभंगासाठी सगळ्यात सौम्य निवडा. संथ आलापात सुरू होऊन गजरापर्यंत चढत जाणं हाच तर अभंगाचा जीव. तीव्र पर्यायात आलाप आणि गजर एकाच उंचीवर येऊन बसतात. मोठ्या आवाजाचा मोह मात्र सोडा. स्पॉटिफाय एरवी सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणून वाजवतं. तुम्ही उणे ९ पर्यंत रेटलंत तर ते पाच डेसिबल खाली ओढलं जाईल, आणि चेपलेला गजर तेवढा चेपलेलाच राहील.

निकाल ठरवताना मूळ मिक्स आणि मास्टर सारख्याच आवाजाला आणून ऐका. नुसतं मोठं वाजलं तरी कानाला ते चांगलं वाटतं, आणि याच जागी सगळ्यांची फसगत होते. गाडीत ऐका, साध्या इअरफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवरही ऐका. पण फोनवर डग्गा ऐकू येत नाही म्हणून मिक्समध्ये तो वाढवू नका, त्या छोट्या स्पीकरला तो पेलतच नाही. आणि मास्टर पसंत पडला तरी दोन्ही मिक्स नावात तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये जपा. पुढच्या आषाढीला कान बदललेले असतात, तेव्हा त्याच फाइली पुन्हा लागतात.