गेटच्या अलीकडची पंचवीस मिनिटं

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत माणसं सांभाळणाऱ्या प्रत्येकाची एकच तक्रार असते, स्वतःसाठी वेळ उरत नाही. तो उरत नाहीच, आधी काढून ठेवावा लागतो. रात्री जेवणानंतर वाचू, असं मी कित्येक वर्षं ठरवायचो आणि तिसऱ्या पानावर डोळे मिटायचे.

आता घरून अर्धा तास लवकर निघतो. कंपनीच्या गेटअलीकडे कडुनिंबाखाली गाडी लावतो, मोबाईल डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतो आणि पंचवीस मिनिटं वाचतो. शेवटच्या पाच मिनिटांत वहीत दोनच ओळी लिहितो: काल कुठे चुकलो आणि आज काय वेगळं करणार. एकदा लिहिलं होतं, ‘सुपरवायझरचं बोलणं मध्येच तोडलं.’ त्या दिवशी मीटिंगमध्ये मी शेवटी बोललो.

गेटच्या आत हे जमत नाही, तिथे कुणीतरी सही घ्यायला येतंच. तातडीचा फोन कुणी घ्यायचा, हे मात्र हाताखालच्या माणसाला नीट सांगून ठेवा. त्यालाही निर्णय घ्यायची सवय लागते.

काय वाचायचं? 1840 पासून चालू असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय नाशकातच आहे, वर्गणी भरा. पुस्तक परत करायची तारीख असली की वाचन होतं. पदवी अर्धवट राहिली असेल, तर मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयही इथेच आहे. नोकरी सांभाळून शिकता यावं म्हणूनच ते 1989 मध्ये सुरू झालं.

एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचत बसू नका. पंचवीसच मिनिटं.